मराठी पॉडकास्ट आणि स्वतंत्र संगीत : देगलूरसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'सर्जनशील नगर' ही संकल्पना नगररचना आणि संस्कृती-अभ्यास या दोन्ही क्षेत्रांत रूढ झाली. चार्ल्स लँड्री यांचा २००० सालचा 'द क्रिएटिव्ह सिटी' आणि रिचर्ड फ्लोरिडा यांचा २००२ सालचा 'द राइज ऑफ द क्रिएटिव्ह क्लास' या ग्रंथांनी तिला व्यापक मान्यता मिळवून दिली. युनेस्कोने २००४ मध्ये सर्जनशील नगरांचे जागतिक जाळे उभारले. या जाळ्यात संगीताचे नगर म्हणून भारतातून वाराणसी (२०१५), चेन्नई (२०१७) आणि ग्वाल्हेर (२०२३) यांची निवड झाली. महाराष्ट्रातील मुंबईची निवड २०१९ मध्ये झाली, ती मात्र चित्रपटासाठी.

कलानिर्मितीला मोठे नगर लागते, तेथील स्टुडिओ, रंगमंच, प्रसारमाध्यमे आणि रसिकवर्ग एकत्र आल्याशिवाय नवे संगीत जन्माला येत नाही, असे या चर्चेत सामान्यतः गृहीत धरले जाते. पॉडकास्ट आणि स्वतंत्र संगीत या दोन नव्या प्रकारांनी या गृहीतकाला आव्हान दिले आहे, असे म्हटले जाते. हातात भ्रमणध्वनी आणि इंटरनेटची जोडणी असली की कोणत्याही गावातून आपला आवाज जगापर्यंत पोहोचविता येतो, हा दावा आज सर्वत्र ऐकू येतो. तो कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी महानगरापेक्षा तालुक्याचे गाव अधिक योग्य ठरते.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर हे असे गाव होय. लेंडी नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या एका बाजूस तेलंगणातील मदनूर आणि दुसऱ्या बाजूस कर्नाटकातील औराद हा परिसर आहे. मुंबई व पुणे यांच्यापेक्षा हैदराबाद येथून जवळ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे येथील बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा कानी पडतात. धुंडा महाराज देगलूरकर यांच्या कीर्तन-प्रवचनांनी या गावाचे नाव वारकरी संप्रदायात सर्वदूर नेले. अशा बहुभाषिक, गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या गावाला नव्या श्राव्य माध्यमाने काय दिले आणि काय दिलेले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) पॉडकास्ट व स्वतंत्र संगीत या संज्ञांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मराठवाड्यातील श्राव्य माध्यमांच्या पूर्वपरंपरेशी त्यांचा संबंध पाहणे.
३) या माध्यमांतील मोबदला आणि कायदेशीर हक्क यांचे स्वरूप समजून घेणे.
४) ग्रामीण महाविद्यालयाला या क्षेत्रात कोणते कार्य करता येईल, याचा विचार करणे.

व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी प्रकाशित स्वरूपातील माहिती, कायद्यातील तरतुदी आणि माध्यमसंस्थांची जाहीर धोरणे यांचा आधार घेतला आहे. देगलूर हे येथे प्रातिनिधिक गाव म्हणून घेतले आहे. मुखेड, उदगीर किंवा किनवट यांच्याविषयीही यातील बहुतेक विधाने करता येतील.

विषय विवेचन :

१. पॉडकास्ट व स्वतंत्र संगीत : संज्ञेचा अर्थ

'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन' या वृत्तपत्रातील लेखात प्रथम वापरला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या दोन शब्दांच्या जोडणीतून तो तयार झाला. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि त्याच वर्षी 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

तांत्रिकदृष्ट्या पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली ध्वनिफाइल आणि तिच्यासोबतचे सूचनापत्र. या सूचनापत्राला 'आरएसएस फीड' म्हणतात. नवा भाग आला की फीडमध्ये त्याची नोंद होते आणि श्रोत्याच्या भ्रमणध्वनीवरील ॲप ती नोंद वाचून तो भाग आणून देते. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा जसा रोज अंक दारात आणून देतो, तसेच हे कार्य आहे. या रचनेचे वैशिष्ट्य असे की, फाइल निर्मात्याच्या ताब्यात राहते आणि श्रोता कोणत्याही ॲपमधून ती ऐकू शकतो. यूट्यूबवर टाकलेल्या मुलाखतींनाही आज पॉडकास्ट म्हटले जाते. तेथे मात्र फाइल, श्रोत्यांची यादी आणि शिफारशीचे नियम हे सर्व एकाच कंपनीच्या हाती असतात. हा भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी पुढे येणाऱ्या मालकीच्या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

'स्वतंत्र संगीत' ही संज्ञा संगीताच्या शैलीपेक्षा निर्मितीच्या व्यवस्थेकडे निर्देश करते. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या किंवा चित्रपटाच्या आधाराशिवाय कलावंताने स्वतः निर्माण केलेले आणि स्वतः वितरित केलेले संगीत ते स्वतंत्र संगीत. रॅप, भावगीत, भीमगीत, भजन यांपैकी काहीही स्वतंत्र असू शकते.

२. पूर्वपीठिका : नभोवाणी आणि ध्वनिफीत

मराठवाड्याला श्राव्य माध्यम नवे नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानी मुलुखात जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत हैदराबाद आणि औरंगाबाद या निजामाच्या राज्यातील दोन केंद्रांचा समावेश होता. पुढे आकाशवाणीची परभणी व नांदेड येथील केंद्रे आली आणि शेतीविषयक कार्यक्रम, लोकगीते, भजने या प्रदेशातील घराघरांत पोहोचली. तथापि नभोवाणीवर कोणी गावे, किती वेळ गावे आणि कोणत्या भाषेत गावे, हे केंद्र ठरवीत असे. स्वर-चाचणीत उत्तीर्ण झालेल्यालाच ध्वनिक्षेपकासमोर बसता येई.

ही मक्तेदारी प्रथम कमी केली ती कॅसेटने. १९८० च्या दशकात कॅसेट व टेपरेकॉर्डर स्वस्त झाले आणि ग्रामोफोन कंपनीच्या वर्चस्वाला तडा गेला. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातील या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. मराठीत प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज कॅसेटमुळे खेड्यापाड्यांत गेले. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी येथे जमणाऱ्या जनसागरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटची दुकाने लागत. या गीतांचा प्रसार चित्रपट, नभोवाणी किंवा वृत्तपत्रे यांच्या कृपेवर अवलंबून नव्हता. 'स्वतंत्र संगीत' हा शब्द मराठीत येण्यापूर्वीच ते प्रत्यक्षात अस्तित्वात होते, ही बाब आजच्या चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहते.

कॅसेटच्या युगाने आणखी एक धडा दिला. त्या काळी अनेक लोककलावंतांनी एकदाच ठरावीक रक्कम घेऊन गाणी ध्वनिमुद्रित करून दिली. कॅसेट पुढे कितीही खपली, तरी गायकाच्या हाती त्यानंतर काही येत नसे. आवाज पोहोचला, पण मोबदला पोहोचला नाही. आजच्या माध्यमाचे मूल्यमापन करताना हा धडा विसरून चालणार नाही.

३. दख्खनमधील एक शेजारचे उदाहरण

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा महत्त्वाचा निर्णय दिला. या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. या निर्णयाच्या पार्श्वभूमीवर समुदाय रेडिओची मागणी पुढे आली. केंद्र शासनाने २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही अशा केंद्रांची परवानगी खुली केली. देगलूरच्या दक्षिणेस, जहिराबादजवळील माचनूर या खेड्यात १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांचे हे केंद्र दलित ग्रामीण स्त्रियांनी चालविले. ज्वारी-बाजरीसारखी पिके, बियाणे, आजारपण आणि गाणी हे त्याचे विषय आणि तेथील बोलीतील तेलुगू ही त्याची भाषा. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली.

समुदाय रेडिओला परवाना, प्रक्षेपक आणि मनोरा लागतो व त्याचा आवाज काही किलोमीटरपर्यंतच जातो. पॉडकास्टला ध्वनिलहरी लागत नाहीत, म्हणून प्रक्षेपणाचा परवानाही लागत नाही. मात्र समुदाय रेडिओमध्ये बोलणारा व ऐकणारा एकाच परिसरातील असल्यामुळे कार्यक्रमाचा कस गावातच लागतो. पॉडकास्टचा श्रोता कोठेही असू शकतो आणि म्हणून कधी कधी तो कोठेच नसतो. या दोन माध्यमांची तुलना करताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

४. मराठीतील सद्यस्थिती

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर झपाट्याने खाली आला. ग्रामीण श्रोता ध्वनी व चित्रफिती मोठ्या प्रमाणावर ऐकू-पाहू लागला, तो तेव्हापासून. २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या बीबीसी मराठीने पुढे 'गोष्ट दुनियेची' यांसारखे पॉडकास्ट सादर केले. २०१७ च्या अखेरीस भारतात आलेल्या स्टोरीटेलने आरंभापासून मराठी पुस्तकांना श्राव्य रूप दिले. त्यानंतर मुंबई-पुण्यातील तरुणांनी गप्पा व मुलाखती या स्वरूपाचे अनेक मराठी पॉडकास्ट यशस्वी करून दाखविले. त्यांची भाषा, विषय आणि पाहुणे हे बहुतांशी महानगरी आहेत. हा त्यांचा दोष नव्हे. परंतु 'मराठी पॉडकास्ट' म्हणजे एवढेच, असा समज रूढ होऊ लागला आहे.

संगीताच्या बाबतीत चित्र काहीसे वेगळे आहे. 'स्वदेसी' या मुंबईतील बहुभाषिक रॅप गटाने २०१९ मध्ये आरे जंगलातील आदिवासींच्या प्रश्नावर 'द वारली रिव्होल्ट' हे गीत काढले. त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. याच गटातील 'हंड्रेड आरबीएच' या नावाने गाणारे सौरभ अभ्यंकर हे अमरावतीचे असून वऱ्हाडी बोलीत रॅप करतात. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे गीत २०२४ मध्ये देशभर गाजले. ही उदाहरणे असे दर्शवितात की, बोली आणि छोटे गाव यांमुळे आता यशाची वाट बंद होत नाही. उलट प्रमाणभाषेबाहेरचा शब्द हीच या गीतांची शक्ती ठरली आहे.

या स्वातंत्र्याची किंमतही असते. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीका करणाऱ्या रॅप गीतांवरून महाराष्ट्रात दोन तरुण गायकांवर गुन्हे नोंदविले गेले. स्वतंत्र कलावंताच्या पाठीशी कंपनी नसते, याचा अर्थ अडचणीच्या वेळी वकीलही नसतो. शाहिरी परंपरेने हा अनुभव पूर्वीही घेतला आहे.

५. प्रवेश खुला, मोबदल्याचा उंबरठा उंच

पॉडकास्ट किंवा गीत प्रसिद्ध करण्यास आज जवळजवळ खर्च येत नाही. साहजिकच असे वाटते की, कलावंत आणि श्रोता यांच्यामधील दलाल नाहीसा झाला. प्रत्यक्षात उंबरठा दारातून काढून आतल्या खोलीत बसविला गेला आहे. स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून असा नियम केला की, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गीताला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळणार नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन (किंवा लघुचित्रफितींचे त्याहून मोठे लक्ष्य) गाठावे लागते.

महानगरातील किंवा हिंदी भाषेतील निर्मात्याला हे आकडे अल्प वाटतील. परंतु नांदेड जिल्ह्यातील तांड्यावर होळीच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या बंजारा लेंगी गीताचा विचार करावा. ते ज्या समूहाला कळते, त्याची संख्या मर्यादित; त्यातील वृद्ध श्रोते ॲप वापरीत नाहीत; तरुण ते ऐकतात, पण कोणाच्या तरी पाठविलेल्या व्हॉट्सॲप फितीवर. व्हॉट्सॲपवर एखादे गीत सबंध जिल्ह्यात फिरले, तरी त्याची मोजदाद कोठेच होत नाही. म्हणजेच गीत लोकप्रिय आहे आणि हिशेबाच्या वहीत मात्र ते शून्य आहे. लोकांनी ऐकणे आणि बाजाराने मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, स्थानिक श्राव्य सामग्री टिकविण्याची जबाबदारी केवळ बाजारावर सोपविता येणार नाही. जे मोजले जात नाही, त्याला बाजार मोबदला देत नाही. आणि ज्याला मोबदला नाही, ते जपण्याची त्याला गरज भासत नाही. वाहिनीचा मालक बदलला, पासवर्ड हरवला किंवा कंपनीने सेवा बंद केली, तर त्यावरील ध्वनिमुद्रणे एका दिवसात नाहीशी होऊ शकतात.

६. आवाज कोणाचा? कायद्याची बाजू

लोकगीत सर्वांचे असते, म्हणून ते कोणीही ध्वनिमुद्रित करून कोठेही टाकावे, असा समज प्राध्यापकवर्गातही आढळतो. तो अपुरा आहे. पारंपरिक ओवीच्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसला, तरी ती ओवी गाणाऱ्या व्यक्तीच्या सादरीकरणावर तिचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ अन्वये सादरकर्त्याचे हक्क समाविष्ट झाले. कायद्यातील 'सादरकर्ता' या संज्ञेत गायक, वादक, नर्तक यांच्यासह गारुडी, कसरतपटू आणि व्याख्यान देणारी व्यक्ती यांचाही समावेश आहे. त्यामुळे वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज यांच्याइतकेच कीर्तनकार व प्रवचनकारही या संरक्षणास पात्र ठरतात. हा हक्क ५० वर्षे टिकतो.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ व ३८-ब यांची भर घातली. त्यानुसार आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण करू देणे, त्याच्या प्रती काढणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचविणे हे सादरकर्त्याचे अनन्य अधिकार आहेत. आपले नाव सादरकर्ता म्हणून नोंदले जावे आणि सादरीकरणाचे विकृतीकरण होऊ नये, असा आग्रह धरण्याचाही हक्क त्याला आहे. गायकाचे नाव न देता चित्रफीत प्रसृत करणे ही म्हणूनच केवळ असभ्यता नसून हक्काचे उल्लंघन ठरू शकते.

महाविद्यालयीन अभ्यासकाने कलम ३९ विशेष लक्षपूर्वक वाचावे. केवळ अध्यापन किंवा संशोधन यांच्यासाठी प्रामाणिकपणे केलेले ध्वनिमुद्रण हे या कलमानुसार उल्लंघन मानले जात नाही. याचा अर्थ क्षेत्रभेटीत केलेले मुद्रण अभ्यासापुरते वैध आहे. परंतु तेच मुद्रण पॉडकास्ट म्हणून सर्वांसाठी खुले केले की त्याचा हेतू 'केवळ' संशोधनाचा राहत नाही. ते लोकांपर्यंत पोहोचविणे होते आणि त्यासाठी सादरकर्त्याची स्वतंत्र संमती आवश्यक ठरते. एम.फिल. व पीएच.डी.च्या निमित्ताने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी जमविलेल्या लोकगीतांच्या ध्वनिफिती आज अनेकांच्या कपाटांत आहेत. त्या प्रसिद्ध करण्याचा उत्साह स्वागतार्ह आहे. मात्र त्यापूर्वी गायकाकडे किंवा ती हयात नसल्यास तिच्या कुटुंबाकडे जाऊन विचारणे हे पहिले पाऊल होय.

७. जात्यावरील ओव्यांचा आदर्श

हे कार्य नीट कसे करावे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. समाजशास्त्रज्ञ गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून कार्यकर्त्यांच्या मदतीने गावोगावच्या स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या संकलित केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काही हजार ओव्यांचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण केले. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या ध्वनी, शब्द आणि भाषांतर यांसह क्रमाने प्रसिद्ध केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. मराठवाड्यातील दलित स्त्रीचा आवाज त्यामुळे तिच्या नावानिशी जगासमोर आला.

या प्रकल्पातील तीन बाबी अनुकरणीय आहेत. पहिली, प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि मुद्रणाचा काळ दिला जातो. दुसरी, अनेक वर्षांनंतर कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले, त्या गायिकांना भेटले आणि त्यांचे आजचे जीवन नोंदविले. तिसरी, सामग्री खासगी वाहिनीवर न ठेवता जतन करणाऱ्या संस्थेच्या हाती दिली गेली. या ओव्या कोणी किती वेळा ऐकल्या, यावर त्यांचे मूल्य अवलंबून ठेवले नाही, हेच या कार्याचे खरे वेगळेपण आहे. घरोघरी जाते फिरण्याचे थांबले. त्या काळात कोणी 'श्रोते किती?' असे विचारून मुद्रण पुढे ढकलले असते, तर आज विचारण्यासारखे काही उरले नसते.

८. देगलूर परिसर आणि महाविद्यालयाचे कार्य

देगलूर परिसरात मुद्रणयोग्य सामग्री विपुल आहे. भजनी मंडळे, भीमजयंतीची गाणी, उर्दू कव्वाली व मुशायरा, सीमेवरील कुटुंबांतील तेलुगू-कन्नड लग्नगीते, माहूरच्या रेणुकेचे गोंधळ, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत येणारे लोककलावंत या सर्वांचा त्यात अंतर्भाव करता येईल. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातील बालपण आठवणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मौखिक आठवणी नोंदविण्यास फारसा अवधी उरलेला नाही.

यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. साधा ध्वनिमुद्रक किंवा चांगला भ्रमणध्वनी, कॉलरला लावावयाचा एक मायक्रोफोन आणि शांत खोली एवढे पुरते. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो. भिंतींलगत सतरंज्या व गोधड्या टांगल्यास तो बराच कमी होतो. मुद्रण दोन रूपांत ठेवावे. जतनासाठी ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाची असंपीडित फाइल ठेवावी. एका मायक्रोफोनच्या एक तासाच्या मुद्रणास सुमारे ५२० एमबी जागा लागते. ऐकविण्यासाठी ६४ केबीपीएसची एमपीथ्री फाइल पुरेशी असून तिचा एक तास सुमारे २९ एमबीमध्ये मावतो. संकुचित फाइलमधून मूळ दर्जा पुन्हा मिळविता येत नाही, म्हणून पहिली फाइल नष्ट करू नये. तिच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर ठेवावी.

तंत्रापेक्षा नोंद अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक मुद्रणासोबत सादरकर्त्याचे नाव (ज्या रूपात तो स्वतः सांगेल त्या रूपात), गाव, भाषा वा बोली, प्रसंग, दिनांक आणि हे गीत कोणाकडून शिकले, याची नोंद असावी. संमतिपत्र गायकाच्या भाषेत असावे. वाचता येत नसल्यास ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि ते वाचन व होकार यांचेही मुद्रण करावे. केवळ जतन, वर्गात वापर आणि सर्वांसाठी प्रसिद्धी अशा तीन स्वतंत्र परवानग्या घ्याव्यात. पुढे परवानगी मागे घेण्याची मुभा असावी. मुद्रणाची एक प्रत मेमरी कार्डवर गायकाला द्यावी आणि शक्य असल्यास मानधनही द्यावे. व्याख्यानासाठी येणाऱ्या पाहुण्याला मानधन देणाऱ्या संस्थेने गोंधळ्याकडून मात्र 'सेवा' म्हणून फुकट गाऊन घ्यावे, हे न्याय्य नाही.

हे कार्य मराठी, उर्दू, इतिहास, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र आणू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुद्रण, भाषा विभागात लिप्यंतर, संगणक विभागात जतन अशी विभागणी सहज शक्य आहे. विद्यार्थ्यालाही यातून एक गोष्ट उमगते: ज्या बोलीबद्दल त्याला शहरात संकोच वाटतो, तीच बोली येथे अभ्यासविषय असते आणि त्याची आजी ही माहितीचा आधार असते.

निष्कर्ष :

१) स्वतंत्र संगीत ही मराठीत सर्वस्वी नवी घटना नाही. कॅसेटच्या काळातील भीमगीते व भजने ही तिची पूर्वपरंपरा होय.
२) पॉडकास्टमुळे प्रसारणाचा परवाना व खर्च यांची अडचण दूर झाली. तथापि मोबदल्याचे निकष संख्येवर आधारलेले असल्यामुळे लहान भाषिक समूहांची निर्मिती त्याबाहेर राहते.
३) समाजात ऐकले जाणे आणि माध्यमकंपनीच्या हिशेबात मोजले जाणे, यांत मोठे अंतर आहे.
४) कायद्याने लोककलावंताला सादरकर्ता म्हणून नाव, संमती व प्रसारण यांविषयीचे हक्क दिले आहेत. संशोधनासाठीचे मुद्रण आणि सार्वजनिक प्रसिद्धी यांतील भेद अभ्यासकांनी पाळणे आवश्यक आहे.
५) स्थानिक आवाजांचे जतन हे बाजाराचे नव्हे, तर ज्ञानसंस्थांचे कार्य आहे. तालुक्याच्या गावी अशी संस्था म्हणजे प्रामुख्याने तेथील महाविद्यालय होय.

समारोप :

सर्जनशीलता ही केवळ नगरांची मिरास नाही. देगलूरसारख्या गावात ती पूर्वीपासून आहे. तिची नोंद मात्र नाही. नव्या माध्यमाने नोंदीचे साधन स्वस्त केले, परंतु नोंद करण्याची इच्छा आणि गाणाऱ्याबद्दलचा आदर ही साधने कोणतेही ॲप पुरवू शकत नाही. माळेगावच्या यात्रेत येणारा वृद्ध वाघ्या पुढील वर्षी येईलच, याची शाश्वती नसते. तो आला असता त्याचे नाव विचारून, त्याची परवानगी घेऊन त्याचे गाणे नोंदविणे एवढे कार्य जरी ग्रामीण महाविद्यालयांनी हाती घेतले, तरी मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासाचे एक पान कोरे राहण्यापासून वाचेल.